पालकाच्या रकान्यातले मामा

गुरुजींनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि माझ्यापुढे सरकवलं. "बाई, तुमच्यासाठीच आलंय. वाचा."

पत्र शिरूरच्या पंचायत समितीचं होतं. आमच्या शाळेच्या पटावरची अकरा मुलं दौंड तालुक्यातली आहेत, असं शाळेनंच कळवलं आहे. ती शिरूरच्या पटात धरता येणार नाहीत. महिनाअखेर त्यांची नावं कमी करावीत. आणि पट उतरल्यावर दुसऱ्या शिक्षकाचं पद कशासाठी ठेवायचं, याचा खुलासा करावा.

शाळेत शिक्षक दोनच. एक गुरुजी आणि दुसरी मी. आणि "शाळेनं कळवलं आहे" यातली शाळासुद्धा मीच.

ही गोष्ट स्कूल बोर्ड जाऊन जिल्हा परिषद आली, त्याच्या लगेच नंतरची. तेव्हा शाळांचा कारभार कसा चाले ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शिक्षकाचा पगार सरकारी अनुदानातून येई. शाळेला जागा बहुतेक वेळा गावच देई. खडू, शाई, केरसुणी यांसाठी किरकोळ रक्कम मिळे, तिला सादिल म्हणत. आणि शाळेत शिक्षक किती, हे पटावर ठरे. पट म्हणजे रजिस्टरात नाव असलेली मुलं. मुलं घटली की शिक्षक घटला. जिल्हा परिषद साऱ्या जिल्ह्याची एकच, पण रोजचं काम तालुक्याची पंचायत समिती बघे. शिरूरची वेगळी, दौंडची वेगळी. दोन्हींच्या मधून भीमा वाहत होती आणि आमचं गाव बरोबर तिच्या काठावर, शिरूरच्या बाजूला.

पलीकडच्या काठावर दौंड तालुक्यातली एक वाडी. पूर्वी मेंढरं घेऊन फिरणारी, आता जमीन कसणारी माणसं. त्या बाजूची सगळ्यात जवळची शाळा दोन कोसांवर, म्हणून वाडीतली अकरा पोरं नदी ओलांडून आमच्याकडे येत. उन्हाळ्यात वाळूतून चालत, पावसाळ्यात काहिलीतून. काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची लोखंडी कढई. तिच्यात सहा-सात पोरं दाटीवाटीनं बसत, दप्तरं डोक्यावर, आणि दोन पोहणारे गडी कडा धरून ती ढकलत आणत.

आता माझा पराक्रम. मी तेव्हा वीस वर्षांची, ट्रेनिंग कॉलेजातून ताजी बाहेर पडलेली. नियम मला पाठ होते आणि इतर कोणाला ते माहीत नाहीत अशी माझी खात्री होती. गुरुजी दोन दिवस मीटिंगला शिरूरला गेले आणि चार्ज माझ्याकडे आला. चार्ज म्हणजे कपाटाची किल्ली. मी कपाट उघडलं आणि जनरल रजिस्टर काढून बसले. मुलाचं नाव, जन्मतारीख, पालक, राहण्याचं ठिकाण, सगळं त्यात असतं. शाळेची जन्मपत्रिकाच म्हणा.

बघते तर काय, वाडीच्या अकराही पोरांपुढे पालक म्हणून मामाचं नाव आणि ठिकाण म्हणून आमचं गाव. मी हादरले. मग लाल शाईची दौत घेतली, अकरा नोंदी पट्टीनं खोडल्या, वर खरी नावं घातली आणि प्रत्येक दुरुस्तीखाली सही केली. एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण वार्षिक माहिती पत्रक भरायचं राहिलं होतं. त्यात तालुकावार मुलांचा तक्ता मी स्वतःहून जोडला, कोणी मागितला नसताना, आणि त्याच दिवशी टपालात टाकला. त्या रात्री मला फार छान झोप लागली.

गुरुजी परत आले, रजिस्टर पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढून बाकावर ठेवली. ते रागावले की टोपी काढत.

"बाई, या वाडीत बायका कुठल्या गावच्या दिल्यात, माहीत आहे?"

"नाही."

"आपल्या. अकराच्या अकरा पोरांचे मामा या गावात आहेत. दुपारच्या सुट्टीत पोरं भाकरी कुठं खातात?"

"मामाकडे."

"मग ज्याच्या घरी पोर जेवतं तो पालक. यापेक्षा खोल मी कधी गेलो नाही."

मी त्यांना नियम क्रमांक सांगितला. खरंच सांगितला. आज आठवलं की कानाची पाळी गरम होते.

तर ते पत्र आलं, आणि माझं मन काही थाऱ्यावर राहीना. वर्गात बसवत नव्हतं. फळ्यावर लिहिताना खडू मोडत होते. दर तासाला मी पडवीत येऊन नदीकडे बघून जायची, जणू नदीच आता खुलासा देणार होती. माझं पद जाणार याची भीती होतीच, पण ती तरी समजण्यासारखी. वाडीतली हिरा तिसरीत होती. पाढे म्हणताना डोळे मिटायची आणि चुकायची नाही. तिचं नाव मला माझ्याच हातानं महिनाअखेर खोडायचं होतं.

हिराचे वडील तात्याबा हेच काहील ढकलणाऱ्या दोघांपैकी एक. ते ओल्या अंगानं शाळेच्या दारात आले.

"बाई, तुमी पोरांस्नी दौंडात घातलं म्हनं."

"तात्याबा, ती दौंडातच राहतात."

"झोपत्यात दौंडात. दिसभर हितंच आस्त्यात की." ते उंबऱ्यावर टेकले. "आमचा बा मेंढरांमागं कोकणापातूर फिरला. आता मेंढरं गेली, फिरनं संपलं. पोरं एका जागी बसून शिकतील म्हनलं. दोन कोस पोरगी कशी धाडू मी? तुमीच सांगा."

मी दौंडला पत्र लिहिलं. वाडीत मुलं आहेत, शाळा नाही, तरी शाळा द्यावी. अक्षर सुरेख. नदीचा नकाशाही काढला, त्यात काहीलसुद्धा दाखवली.

आठ दिवसांत उत्तर आलं. सदर मुलं शिरूर तालुक्यातील शाळेच्या पटावर असल्याचं आपल्याच पत्रावरून दिसतं, सबब वाडीत शाळेची गरज दिसत नाही.

शिरूर म्हणे पोरं दौंडची. दौंड म्हणे शिरूरची. आणि दोघांनाही तो पुरावा मीच पुरवला होता.

मी एस.टी.नं शिरूर गाठलं. पंचायत समितीत शिक्षणाचं काम बघणारे विस्तार अधिकारी असत. शाळा तपासायच्या, माहिती गोळा करायची, आम्हा शिक्षकांना घाबरवायचं, ही त्यांची कामं. शिरूरचे साहेब मात्र मऊ बोलणारे निघाले.

"बाई, तुमची माहिती अगदी बरोबर आहे. तीच अडचण आहे. चुकीची असती तर मी दुरुस्त करून घेतली असती."

"मग आता?"

"वाडीत शाळा काढायची तर दौंडनं काढायची. मी त्यांना पत्र घालतो."

"उत्तर कधी येईल?"

साहेबांनी टेबलावरच्या कागदांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. उत्तर मला गठ्ठ्यानंच दिलं.

परतीच्या एस.टी.त मी सारखी जागा बदलत होते. शेजारची म्हातारी म्हणाली, "पोरी, ढेकणं चावत्यात व्हय?" महिनाअखेरीला नऊ दिवस उरले होते. गावात उतरले ती सरळ शाळेत गेले आणि दोन पत्रं लिहिली. दौंडच्या साहेबांना कळवलं की शिरूरचे साहेब गुरुवारी वाडीची पाहणी करायला येत आहेत, आपणही यावं. शिरूरच्या साहेबांना कळवलं की दौंडचे साहेब गुरुवारी येत आहेत, आपणही यावं. दोघांपैकी एकानंही तसं म्हटलं नव्हतं. अकरा खोट्या नोंदी लाल शाईनं सुधारणाऱ्या बाईंनी एकाच टपालानं दोन खोटी पत्रं धाडली. गुरुजींनी ती वाचली आणि टोपी डोक्यावरच राहू दिली.

गुरुवारी दोघंही आले. एका तालुक्याचे साहेब येतायत म्हटल्यावर दुसऱ्याचे मागे कसे राहतील? फक्त शिरूरचे साहेब अलीकडच्या काठावर उभे आणि दौंडचे साहेब सायकल घेऊन पलीकडच्या. मध्ये भाद्रपदातली भीमा.

"त्यांना इकडे बोलवा," आमचे साहेब म्हणाले.

तात्याबांनी हाळी दिली. पलीकडून हाळी आली. तात्याबा म्हणाले, "त्ये म्हनत्यात, तुमास्नीच तिकडं बोलवा."

साहेबांनी काहिलीकडे पाहिलं. "यातून?"

"पोरं रोज येत्यात, साहेब."

शाळा तेव्हाच सुटली होती. पोरं काहिलीत बसलीसुद्धा होती, दप्तरं डोक्यावर. साहेब माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही पुढे व्हा."

इथं एक कबूल करायला हवं. मी कवठे येमाईची. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी दिसेल तेवढंच. त्या गावात दीड वर्ष काढलं, पण काहिलीत मी एकदाही पाय घातला नव्हता. वाडीच्या पोरांना नियम शिकवणारी बाई वाडीला कधी गेलीच नव्हती.

तात्याबांनी निम्मी पोरं उतरवली. मी बसले, साहेब बसले. काठ सुटला आणि काहील जात्यासारखी फिरू लागली. आधी शिरूर समोर, मग दौंड, मग पुन्हा शिरूर. मी उठायला गेले तशी हिरानं माझा पदर खाली ओढला.

"बाई, बसा. उभं ऱ्हायलं की ती कलती. आन् पान्याकडं बघू नगा, माज्याकडं बघा."

मी तिच्याकडे बघितलं. साहेबही तिच्याकडेच बघत होते. "रोज अशीच येतेस?" त्यांनी विचारलं.

"पूर आल्यावर न्हाई येत. तवा खाडा पडतो. मग बाई मारत्यात."

साहेबांनी नजर माझ्याकडे वळवली. मी पाण्याकडे बघणं पत्करलं.

पलीकडे पोचल्यावर फार बोलावं लागलं नाही. दौंडच्या साहेबांनी ओल्या धोतरानं उतरणारे शिरूरचे साहेब पाहिले आणि वहीच काढली. बिरोबाच्या देवळासमोरच्या ओसरीवर त्यांनी मुलं मोजली. शाळेत येणारी अकरा, आणि काहिलीच्या भीतीनं आयांनी कधी धाडलीच नाहीत अशी आणखी चौदा. ती चौदा मुलं माझ्या कुठल्याच तक्त्यात नव्हती. वाडीनं ओसरी शाळेला देऊ केली. दोन्ही साहेबांनी एकाच कागदावर शेरा लिहिला, आणि नवी शाळा होईपर्यंत अकरांची नावं जिथं आहेत तिथंच राहू द्यावीत, हेही.

महिन्याभरानं हुकूम आला. वाडीत एकशिक्षकी शाळा मंजूर. शिक्षक कुठून आणायचा, याचीही सोय जिल्हा परिषदेनं केली होती. जिल्हा परिषद दोन्ही काठांची एकच. आमच्या शाळेतलं जास्त झालेलं पद, त्या पदावरच्या शिक्षिकेसह, वाडीकडे वर्ग करण्यात येत आहे.

गुरुजींनी हुकूम मोठ्यानं वाचला आणि म्हणाले, "बाई, आता रोज काहील."

वाडीत राहायला खोली मिळेपर्यंत दिवाळी उलटली. तोवर मी सकाळ-संध्याकाळ त्या कढईत बसून नोकरी केली. पोरं काठावर उभी राहून माझी वाट बघत आणि मी किती घाबरले ते एकमेकांना सांगत. पूर आला की माझा खाडा पडे. हिरा विचारी, "बाई, आता तुमास्नी कोन मारनार?"

पुढच्या जूनमध्ये एक बाप मुलाला घेऊन शाळेत आला. त्याची वस्ती नदीच्या शिरूरच्या काठावर, मळ्यात. गुरुजींची शाळा त्याला लांब पडत होती, माझी समोर दिसत होती. पोराच्या बापाची बहीण आमच्या वाडीत दिली होती.

मी नवीन रजिस्टर उघडलं. जन्मतारीख लिहिली. पालकाच्या रकान्यापाशी थांबले.

"दुपारची भाकरी कुठं खाणार हा?"

"आत्याकडं."

मी काळ्या शाईनं आत्याचं नाव घातलं आणि ठिकाण म्हणून वाडी लिहिली. लाल शाईची दौत मी केव्हाच गुरुजींच्या कपाटात ठेवून आले होते. पुढे नोकरीत कित्येक नव्या पोरींना मी चार्ज दिला. किल्ली देताना एवढंच सांगायची, की रजिस्टर दुरुस्त करण्याआधी नदी एकदा ओलांडून या.