इनास सरांची स्कूटर उघडताना

इनास सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी नायगावच्या घरी गॅलरीत कपडे वाळत घालत होतो. रविवार होता, बारा वाजत आले होते. फोन सरांच्या भाच्याचा होता. सर चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून अर्नाळ्याला सुके बोंबील आणायला निघाले होते. किनाऱ्याकडच्या रस्त्यावर एका वळणावर स्कूटर वळलीच नाही, सरळ जाऊन सुरूच्या झाडावर आदळली... एवढं सांगून त्याने फोन ठेवला. मी ओला शर्ट हातात धरून तसाच उभा राहिलो. खोटं लिहायचं नाही असं ठरवून बसलोय, म्हणून सांगतो. त्या क्षणी मला दुःख झालं नाही. मला भीती वाटली. कारण आठच दिवसांपूर्वी, शनिवारी, त्या स्कूटरचं पुढचं पॅनल मी उघडलं होतं, आत एक नवी वायर मी टाकली होती, आणि पॅनल बंदही मीच केलं होतं.

सर वसईच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. मी त्यांचा विद्यार्थी नव्हे. मी मूळचा रत्नागिरीकडचा, नोकरी मुंबईला, फ्लॅट नायगावला. आमची ओळख झाली ती स्पेअर पार्टच्या दुकानात, सर निवृत्त झाल्यानंतर. मी माझ्या स्कूटरचं बाजूचं पॅनल स्वतः काढायला गेलो होतो आणि त्याची आतली आकडी मोडून बसलो होतो. ते पॅनल वर्तमानपत्रात गुंडाळून काउंटरवर ठेवलं, तर शेजारी उभे असलेले पांढऱ्या केसांचे गृहस्थ वाकून बघत म्हणाले, "बाहेर ओढलंत ना? हे आधी मागे सरकवायचं असतं. मग आपणहून सुटतं." त्यांनी हवेतच ते पॅनल धरून, सरकवून, सोडवून दाखवलं. दुकानदार हसला. मी मात्र पुढच्याच रविवारी त्यांच्या दारात स्कूटर घेऊन हजर होतो.

घरामागे केळीची वाडी, पुढे शेणाने सारवलेलं अंगण आणि कडेला पडवी. त्या पडवीत सर जुनी चादर अंथरायचे. एका पुठ्ठ्यावर त्यांनी स्कूटरचं सुरेख चित्र काढलं होतं. जो स्क्रू जिथून निघेल तो पुठ्ठ्यावर त्याच जागी टोचून ठेवायचा. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी गेला तर आतून प्लास्टिक फोडतो, हे मला तिथे कळलं. सरांच्या पत्नी मोनिका बाई, त्याही प्राथमिक शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. दोघं एकमेकांशी त्यांच्या घरच्या बोलीत बोलायची, माझ्याशी मात्र शाळेतल्या स्वच्छ मराठीत. एअर फिल्टर बदलणं, बॅटरीची टोकं घासणं, जुना दिवा काढून एलईडी बसवणं, सीटखालचा डबा सोडवून कार्ब्युरेटरपर्यंत पोचणं... सहा वर्षांत आम्ही दोघांच्या स्कूटर किती वेळा उघडल्या याची गणती नाही.

लोकांना वाटायचं, सरांना यंत्रांची आवड. ते खरंच, पण त्याहून खरं असं की सर घाबरट होते. स्कूटर उघडण्याआधी बॅटरीची तार सोडली का, हे ते तीनदा विचारत. पेट्रोलचा जरा वास आला की सगळं थांबवून अर्धा तास लांब बसत. एकदा मी कंटाळून म्हणालो, "सर, इतकं काय घाबरायचं?" त्यावर ते चिडलेच. "घाबरायचं नाही तर काय करायचं? आपण कव्हर लावलं की आतलं कुणालाही दिसत नाही. चालवणारा आपल्या भरवशावर बसतो."

ते किती घाबरट आणि किती धीराचे होते, हे मला एका पावसाळ्यात दिसलं. माझी स्कूटर आमच्या इमारतीखाली खाडीच्या बाजूला दोन आठवडे उभी होती. ती सुरूच होईना, म्हणून टेम्पोत घालून सरांकडे आणली. पायाजवळचं पॅनल सैल केलं आणि आत हात घालून मी क्लिप चाचपायला लागलो. सर समोर टॉर्च धरून बसले होते. त्यांचा चेहरा एकदम पांढरा पडला. अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "सुहास, हात हलवू नकोस. बोटसुद्धा नाही." माझ्या मनगटापासून वीतभर अंतरावर, वायरींच्या जुडग्याला वेटोळं घालून साप होता. मी बघितला नाही, सरांच्या डोळ्यांत बघत राहिलो. ते मला आकडे मोजायला लावत होते, हळूहळू, आणि स्वतः लांब पट्टीने पॅनल कणाकणाने दूर करत होते. किती वेळ गेला कोण जाणे. साप सरपटत अंगणातून वाडीकडे निघून गेला आणि मग सर पायरीवर बसून थरथरायला लागले. बाईंनी त्यांना साखरपाणी दिलं. तो दिवस आठवला की अजून माझ्या मनगटाला गार लागतं.

गेल्या वर्षी सरांना मोतीबिंदू झाला. ऑपरेशन लांबत होतं आणि संध्याकाळी रस्ता नीट दिसत नव्हता, म्हणून स्कूटरला पुढे एक जादा दिवा लावायचं ठरलं. तो शनिवार. पहिल्यांदाच ते म्हणाले, "आज तू कर. मला बारीक दिसत नाही." मी खूश झालो. पुढचं पॅनल काढलं, बॅटरीपासून वायर वर घेतली, हँडलच्या दांड्याला उजवीकडून वळसा देऊन दिव्याला जोडली. मध्ये घरून फोन आला की पाहुणे आलेत, लवकर ये. मी घाई केली. पॅनल लावण्यापूर्वी हँडल डावीउजवीकडे पूर्ण फिरवून बघायचं असतं, वायर कुठे अडकत नाही ना, म्हणून. मी उजवीकडे फिरवलं. डावीकडे फिरवलं का? आठ दिवसांनी तो फोन आल्यावर मी पुन्हा पुन्हा हेच आठवत होतो. ते वळण डावीकडचं होतं.

अंत्यविधीला मी गेलो, पण चर्चमध्ये शेवटच्या बाकाजवळ उभा राहिलो. बाहेर, मासळी सुकवणारी अर्नाळ्याची एक बाई लोकांना सांगत होती, तिने समोरून पाहिलं होतं. "सर वलनावर वललेच नाय. सरल गेले. हँडल घट धरलेलं दोनी हातानी." ते ऐकलं आणि मी मनातल्या मनात पुन्हा हँडल डावीकडे फिरवून बघितलं. डॉक्टरांनी डोक्याला मार लागल्याचं लिहिलं होतं. कुणी म्हणे चक्कर आली असेल, कुणी म्हणे वाळूवरून चाक घसरलं, कुणी म्हणे डोळ्यांनी दगा दिला. मी सगळ्यांना मान डोलावत होतो. त्यानंतर अनोळखी नंबरचा फोन वाजला की पोलीसच असणार असं वाटायचं. बायकोलाही मी काही सांगितलं नाही.

आठवडाभराने बाईंचा फोन आला. "पोलिसांकडून गाडी परत मिळालीय. अंगणात आणून ठेवलीय. तुझ्याशिवाय त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. तूच बघ काय ते." मी दोन रविवार काहीतरी सबबी सांगितल्या. तिसऱ्या रविवारी गेलो. जाताना खिशात वायर कापायची छोटी पक्कड टाकली. कशासाठी, तेही लिहितो. वायर अडकलेली दिसली तर ती तोडून, ओढून खिशात घालायची आणि कुणाला कळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. ज्या माणसाने माझा हात सापाच्या तोंडातून वाचवला, त्याच्या अंगणात मी असा विचार करून शिरलो.

माझा हिशेब असा होता की बाई चहा टाकायला आत जातील. त्या गेल्या नाहीत. खुर्ची ओढून शेजारीच बसल्या. स्कूटरचा पुढचा भाग तडकला होता, दिवा फुटून लोंबत होता. मी एकेक स्क्रू सोडवत होतो आणि स्क्रूड्रायव्हर खाचेतून निसटत होता. वरचे दोन, बाजूचे दोन, खालच्या दोन क्लिपा. पॅनल हातात आलं, पण आत बघवेना. मग बघितलं.

वायर उजवीकडे नव्हतीच. मी ज्या दांड्याला वळसा दिला होता तो मोकळा होता. वायर मागून, मूळच्या वायरींच्या जुडग्याबरोबर नेली होती आणि दर चार बोटांवर काळी टेप गुंडाळली होती, चित्रातल्या रेघेसारखी सारख्या अंतरावर. मी प्लास्टिकच्या पट्ट्या वापरल्या होत्या. त्यांतली एकही तिथे नव्हती. मी हँडल धरून डावीकडे फिरवलं. पुढचा भाग वाकलेला असूनही ते शेवटपर्यंत गेलं.

मग मला राहवलं नाही. मी बाईंना सगळं सांगितलं. घाई केली ते, भीती वाटली ते. खिशातली पक्कडसुद्धा काढून त्यांच्यापुढे ठेवली. बाईंनी ती पक्कड बाजूला सरकवली. म्हणाल्या, "तू दिवा लावून गेलास, त्यानंतरच्या सोमवारी उघडली होती त्यांनी. हँडल डावीकडे जड लागतंय म्हणाले. मी टॉर्च धरला आणि वायर कुठून कुठे जातेय ते सांगत गेले. त्यांनी हातानेच चाचपून बसवली." मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?" "मी म्हटलं त्यांना, सुहासला फोन करा. तर नको म्हणाले. तो घाबरेल, म्हणाले. मग पुन्हा स्क्रूड्रायव्हर हातात धरणार नाही." एवढं बोलून त्या पहिल्यांदा माझ्यासमोर रडल्या. "मलाही वाटत होतं रे... मी वायर चुकीची तर नाही ना सांगितली? माझे तरी डोळे कुठे धड आहेत. म्हणून तुला बोलावलं." पंधरावीस दिवस आम्ही दोघं एकाच भीतीत, वेगवेगळ्या घरांत बसलो होतो.

त्या वळणावर नेमकं काय झालं, ते आम्हाला अजून माहीत नाही. कळणारही नाही. वायरीमुळे नव्हे, एवढं कळलं. पण भीती गेली असं म्हणता येत नाही. सर म्हणायचे तसं, कव्हर लावलं की आतलं दिसत नाही.

सर गेल्याला महिना झाला, त्या दिवशीच्या मिस्सेनंतरची गोष्ट. आमच्या इमारतीतली शीतल नर्स आहे, रोज स्कूटरने ड्यूटीला जाते. तिचा मागचा दिवा लागत नव्हता. मी दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा तिने चावीच हातात ठेवली. मागचं पॅनल काढलं, वायर जोडली, दिवा लागला, सगळं बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघण्याआधी मी खाली गेलो आणि म्हणालो, "शीतल, पाच मिनिटं गाडी दे. माझा पाना आत राहिलाय बहुतेक." पाना माझ्या खिशातच होता. पुन्हा सगळे स्क्रू काढले. मी जोडलेली वायर सायलेन्सरच्या बाजूला खाली लोंबत होती, तापलेल्या पत्र्यापासून जेमतेम दोन बोटं दूर. ती वर घेतली, टेप मारली, चारदा ओढून बघितली आणि पॅनल लावलं.

शीतल हेल्मेट घालत आली. "मिळाला का काका पाना?"

"मिळाला," मी म्हणालो.