म्हैस फळवून आणताना

लेक अकरावीसाठी हिंगोलीच्या वसतिगृहात जायची होती आणि सोमवार तोंडावर आला होता. मी पुसेगावची आशाताई, म्हणजे आरोग्याची आशा स्वयंसेविका. गावातल्या पोरींना वयात येणं, मुलं, प्रेम, नकार, सगळं घडाघडा सांगते. आपल्या लेकीपुढे मात्र आठवडाभर तोंडच उघडेना. तिकडं कुणाला नाही म्हणायची वेळ आली आणि हिला ते जमलंच नाही, तर?

शनिवारी म्हैस माजावर आली. शेजारच्या मळ्यातल्या हल्याकडे, म्हणजे रेड्याकडे, फळवायला न्यायची, तर मागून हाकायला दुसरं माणूस नाही. म्हणून नवऱ्याच्या मागे आम्ही मायलेकीच निघालो. असल्या कामाला बायका जात नाहीत, पण गेलो. परतताना दावं धरून हे पुढे, आम्ही मागे. लेक म्हशीकडं बघत चालली होती. मग म्हणाली, "माय, म्हशीला कोणी विचारतं का, तुला पायजे का म्हणून?"

मला इतका आनंद झाला की काय सांगू! "म्हशीला न्हाई विचारत. माणसाला विचारावंच लागतं. लग्न असू दे, न्हाईतर नुसता हात धरणं. आन् विचारलं म्हणून व्हय म्हणलंच पायजे, असं न्हाई."

मग मी थांबतेय कुठली! शरीर, ओढ, मोबाईलवरचे फोटो, सगळं सांगत सुटले. तीही विचारत गेली. पुढे यांची चाल वाढत चालली होती.

"मंग बाबानं तुला विचारलं व्हतं का, लग्नाला?"

मला बघायला आले तेव्हा पोहे मी दिले होते. पसंती यांना विचारली, होकार माझ्या वडिलांनी दिला. मी लेकीला काही सांगायच्या आत हे थांबले.

"तुझ्या आज्याला विचारलं. हिला न्हाई," हे म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "आता विचारू का?"

आमच्या संसारात हा माणूस असं कधी बोलला नव्हता. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

"इचार करून सांगते," मी म्हणाले. लेक हसून हसून बांधावरच बसली.

सोमवारी एसटीच्या खिडकीतून वाकून ती म्हणाली, "माय, मला कोणी विचारलं, तर मीबी म्हणीन, इचार करून सांगते."

"आन् न्हाई म्हणायचं असलं तर?"

"त्याला कशाला इचार लागतो?" ती म्हणाली.