एवेलिओ मास्तरांचा खांदा

एवेलिओ बारियास या शिंप्याला दोन गोष्टींचा भारी अभिमान होता. एक म्हणजे त्यांनी जन्मात कधी सिगारेट ओढली नव्हती, आणि दुसरी म्हणजे त्यांचा खांदा. आंतिग्वा या त्यांच्या गावात ईस्टरच्या आधी येशूची लाकडी पालखी निघते. ती उचलणाऱ्यांना उंचीप्रमाणे रांगेत लावावे लागते, नाहीतर बुटक्यांना नुसता मान मिळतो आणि उंचांना सगळा भार. म्हणून दरवर्षी देवळाच्या ओवरीत प्रत्येकाचा खांदा पट्टीने मोजतात. मास्तर तरुणपणापासून सर्वांत उंच रांगेत होते. ही गोष्ट ते गिऱ्हाइकाला शिलाईचा दर सांगण्याआधी सांगत, आणि गिऱ्हाईक जुने असेल तर पुन्हा सांगत.

गेल्या पावसाळ्याअखेर त्यांना खोकला लागला आणि पाठ धरली. ती इतकी की शिलाईयंत्रावरून उठताना ते देवाला आणि सरकारला एकाच दमात शिव्या घालत. मुलगी नीनेत शाळेत शिकवते. ती त्यांना राजधानीतल्या मोठ्या रुग्णालयात घेऊन गेली. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टर तिला बाजूला घेऊन बराच वेळ बोलले. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"काही नाही, पापा. पाठीची शीर दबलीय. आणि छातीत जुना कफ आहे."

"मग तू का रडतेस?"

"फिनेलचा वास किती आहे इथे!"

मास्तरांनी जोरात श्वास घेऊन पाहिला आणि वास आहे हे मान्य केले.

"सेमाना सांतापर्यंत बरा होईन ना? त्या पवित्र आठवड्यात पालखी आहे."

"बघू," नीनेत म्हणाली.

मग उपचार सुरू झाले. कफाची म्हणून रोज एक गोळी. शिरेला शेक म्हणून आठवडाभर राजधानीच्या फेऱ्या, तिथे एका अवाढव्य यंत्राखाली पालथे पडायचे. कॅल्शियम म्हणून महिन्याला एक सलाईन. कमरेला ताठ पट्टा. सलाईन सुरू करण्याआधी त्यांना दंतवैद्याकडे पाठवले आणि दोन किडके दात काढून घेतले. मास्तरांनी हा किस्सा गल्लीभर रंगवून सांगितला. "दुखते पाठ आणि काढतात दात! उद्या डोकं दुखलं तर बूट उतरवतील."

पण गुण आला, हे मात्र खरे. खोकला पळाला, पाठ नरमली, आणि मास्तर स्वतःच अर्धे डॉक्टर झाले. जिवलग मित्र माकारिओ याच्या बायकोचे गुडघे दुखत. तिला त्यांनी तासभर यंत्राच्या शेकाचे गुण ऐकवले. ती "होय हो, मास्तर" म्हणाली आणि तिने एप्रनमध्ये तोंड खुपसले. बिचारीचे गुडघे फारच दुखत असावेत, असे मास्तरांना वाटले.

तसे जगच त्यांच्याशी गोड वागू लागले होते. मक्याच्या भाकऱ्या विकणारी तोर्तियावाली हातावर दोन जास्त ठेवायची. वीस वर्षांत सोंगट्यांचा एक डाव न सोडणारा शेजारचा न्हावी रोज हरू लागला. आपला खेळ सुधारला, असा मास्तरांनी निष्कर्ष काढला. पँटी मात्र जमिनीवर लोळू लागल्या होत्या. "तेन्चा, कपडे धुतेस की ताणतेस?" असे ते बायकोला विचारत. एरवी एका वाक्याला चार वाक्ये परत करणारी तेन्चा मुकाट्याने पाणी गरम करायला जाई.

नोंदणीचा दिवस आला. ओवरीत रांग होती आणि पट्टी घेऊन माकारिओ उभा होता. तो नीनेतचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता, म्हणजे मास्तरांचा कोंपाद्रे. दोघांत भावापेक्षा घट्ट नाते. मास्तर पट्टीला पाठ लावून मिरवणुकीला निघाल्यासारखे ताठ उभे राहिले.

"सांग मोठ्याने, मागच्यांना ऐकू जाऊ दे."

माकारिओने पट्टी पुन्हा एकदा खालून वर तपासली.

"अरे, वाचता येत नाही का?"

"चार बोटं कमी भरतंय, कोंपाद्रे."

"पट्टी खोटी आहे. नाहीतर तू प्यायलायस."

मास्तरांनी बूट काढले, पुन्हा घातले, मान वर ओढली, पोट आत घेतले. चार बोटे कमी ती कमीच. मग ते दिलदारपणे म्हणाले, "बरं, मधल्या रांगेत टाक. या वयात माणूस थोडा आटतोच."

"जागा संपल्या," माकारिओ म्हणाला.

मागे तीसेक माणसे उभी होती. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिले. "हे काय तोर्तिया घ्यायला आलेत?"

माकारिओला घाम फुटला. खोटे बोलायची त्याची ताकद तेवढीच होती. "एवेलिओ, ऐक माझं. तुझ्या खांद्यावर वजन चालणार नाही. मणके आतून पोखरलेत रे. दोन खचून बसलेत, म्हणून उंची उतरलीय. डॉक्टरांनीच सांगितलंय."

"कुणाला सांगितलं?"

"नीनेतला."

"आणि तुला?"

"नाताळच्या आधी कळलं."

रांगेतला प्रत्येकजण छताकडे पाहू लागला. छतात पाहण्यासारखे काहीही नव्हते. न्हावीही त्यात होता. मास्तरांना सोंगट्यांचे सगळे डाव एकदम आठवले.

घरी तेन्चा केळी तळत होती आणि नीनेत वह्या तपासत होती. मास्तर टोपी न काढता दारात उभे राहिले.

"काय झालंय मला?"

"शीर..." तेन्चाने सुरुवात केली.

"शीर गेली खड्ड्यात! शीर दबली म्हणून गल्ली रडते का?"

नीनेतने पेन खाली ठेवले. "कॅन्सर आहे, पापा. फुप्फुसात. तिथून हाडांत उतरलाय. गोळी त्याचीच आहे, आणि ती लागू पडलीय. शेक म्हणजे किरणं होती, दुखणं कमी करायला. सलाईन हाडं मोडू नयेत म्हणून, दातही त्यासाठीच काढले."

"मला? मी तर कधी ओढलीसुद्धा नाही!"

"न ओढणाऱ्यांनाही होतो."

"म्हणजे न ओढण्यानेही फसवलंच." मास्तर खुर्चीत बसले. "बापाचा आजार शनिवारी वाफवलेल्या तमालसारखा घरोघर वाटलात. बापालाच तेवढा वाटायचा राहिला! माकारिओच्या बायकोला मी शेक घ्यायला सांगत होतो, आणि ती ऐकत होती. माझ्या तोंडाकडे बघत ऐकत होती!"

"तुम्ही खचाल म्हणून," तेन्चा रडत म्हणाली. "माझ्या भावाला सांगितलं, तर त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि महिन्यात गेला."

"तुझा भाऊ आयुष्यभर भिंतीकडेच तोंड करून झोपायचा!"

या वाक्यावर एरवी तेन्चा चिडली असती. आज चिडली नाही, आणि तेच मास्तरांना जास्त लागले.

नीनेत खाली वाकून त्यांच्याशी बोलू लागली. "ओरडा हवं तेवढं. पण एक गोष्ट आजच सांगते, ती आधीच सांगायला हवी होती. पायाला मुंग्या आल्या, बधिर वाटलं, लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय. उद्या नाही. मणका आतल्या मज्जारज्जूच्या दोरीवर दाब देतो आणि पाय जातात."

मास्तर आपल्या डाव्या बुटाकडे पाहू लागले.

"पापा?"

"डावा पाय. मोजा घातल्यासारखा वाटतो. न घालता."

"कधीपासून?"

"रविवारपासून. म्हटलं, शीर आहे, होईल बरी. आणि तुम्हाला सांगितलं असतं तर पालखी बंद केली असतीत."

केळी कढईत जळाली. कुणी विस्तव विझवला हे नंतर कुणालाच आठवेना. गाडी माकारिओचीच आणावी लागली, कारण गल्लीत चालू गाडी तेवढीच होती. राजधानीच्या घाटात गाडीत चौघे होते, माकारिओ चालवत होता. माकारिओने एकदा "कोंपाद्रे..." म्हणून पाहिले. "रस्त्याकडे बघ," मास्तर म्हणाले.

रुग्णालयात लगेच इंजेक्शन दिले, मोठ्या यंत्रात घालून पाठीचे फोटो काढले आणि त्याच दिवशी किरणे सुरू केली. डॉक्टरीणबाई तरुण होती. ती फोटो हातात घेऊन आली आणि सवयीने नीनेतला म्हणाली, "वडिलांना सांगू नका, पण..."

"वडील इथे बसलेत," मास्तर म्हणाले. "त्यांना दोन कान आहेत. हे तिघे बाहेर जातील."

तिघे बाहेर गेले. डॉक्टरीणबाई ओशाळली आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. दोरीवर दाब येऊ लागला होता, पण वेळेत आलात, पाय बहुतेक राहील, असे तिने सांगितले. रोग जाणार नाही. गोळी त्याला काही काळ दाबून ठेवील, किती काळ ते तिलाही माहीत नव्हते. मास्तरांनी सगळे ऐकून घेतले. मग त्यांनी विचारले, "यंदा पालखी?"

"नाही."

"पुढच्या वर्षी?"

"तेव्हाही नाही. खांद्यावर वजन कधीच नाही. मणका बसेल."

मास्तरांनी मान हलवली. इतक्या महिन्यांत त्यांना मिळालेले हे पहिले सरळ उत्तर होते, आणि त्यांना हवे होते त्याच्या नेमके उलटे होते. त्यांनी टोपीची कड दोनदा फिरवली, नाक पुसले.

काचेतून बाहेरचा बाक दिसत होता. त्यावर तेन्चा, नीनेत आणि माकारिओ एकमेकांना खेटून बसले होते, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे.

"घरच्यांना आत बोलावू?" डॉक्टरीणबाईने विचारले.

"नको," मास्तर म्हणाले. "मलाही उशिराच कळलं. त्यांनाही कळेपर्यंत थोडा वेळ जाऊ दे."