लोखंड खाल्लेली पोरगी

आधी कबूल करा, हसणार नाही. तरच सांगते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वसमतजवळच्या एका गावात मी विज्ञानाची बाई म्हणून नवीनच लागले होते. उत्साह असा, की विचारू नका! नववीच्या मुलींना आहार शिकवताना त्यांचे फिकट चेहरे पाहून मला भरूनच आलं.

"पोरींनो, या वयात अंगात लोह लागतं. मेथी खा, गूळ-शेंगदाणे खा, भाजी लोखंडी कढईत करा!" तेवढ्यात घंटा झाली. पोरी उठल्या, तशी मी ओरडले, "बाकीचं विसरलात तरी चालेल, पण लोखंड खा!"

कुठून बोलले, असं झालं नंतर.

दोन दिवसांनी तांड्यावरची वनिता बाकावर पोट धरून वाकडी झालेली.

"काय झालं गं?"

"पोट दुखून राहिलं, बाई."

"काय खाल्लंस?"

"तुमीच सांगितलं व्हतं न. लोखंडाचं खाल्लं."

मी हातातला खडू टाकून तिच्यापाशी बसले. "किती?"

"लई. कढईला चिकटलेलं उलथन्यानं खरवडून खरवडून खाल्लं."

"दिसायला कसं होतं?"

"काळंकुट्ट. पन चव बराबर व्हती, बाई!"

झालं! मला डोळ्यांपुढे पोटातला गंज दिसायला लागला. मी धावत हेडसरांकडे. "सर, पोरीनं कढई खरवडून खाल्ली!"

पाच मिनिटांत शाळाभर काय पसरलं असेल? नववीच्या पोरीनं कढई खाल्ली! कुणीतरी म्हणालं, केळी चारा, लोखंड केळ्यात गुंडाळून बाहेर पडतं. मीच तिच्या तोंडात चार केळी कोंबली. विज्ञानाची बाई बरं का मी!

जीप केली. वाटेत हळदीच्या शेतातून तिच्या आईला घेतलं. ती माउली चिखलाच्या पायांनी जीपमध्ये बसली आणि गोंधळून म्हणाली, "बाई, कढई तर सकाळी चुलीवरच व्हती! शाबूत!"

"वरवरची खाल्लीय हो," मी रडत म्हणाले.

वसमतला डॉक्टरांनी वनिताचं पोट दाबलं आणि शांतपणे विचारलं, "कढईत काय होतं, बाळ?"

"मेथीची भाजी."

"कुणी कुणी खाल्ली?"

वनितानं मान खाली घातली. "मी एकटीनंच. दोन्ही टायमाला, सगळी. आन् वरून बाईनं केळी चारली."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, लोखंडी कढईत मेथी काळीच पडते. पोरीला अपचन झालंय. बाकी ठणठणीत आहे."

ठणठणीत! तो शब्द ऐकला आणि छातीवरचा धोंडा उतरला. इतकं हलकं वाटलं, इतकं हलकं वाटलं, की मी उभ्याउभ्या खाली कोसळले.

डोळे उघडले तेव्हा वनिता उठून बसलेली आणि खाटेवर मी! डॉक्टर माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघत होते.

"सकाळपासून काय खाल्लंय?"

"दोन वेळा चहा."

"रोज?"

मी उठून बसायला लागले.

"रक्त फार कमी आहे तुमच्यात. गोळ्या लिहून देतो."

वनिताची आई मला पदरानं वारा घालत होती. लेकीकडे वळून तिनं हळूच विचारलं, पण मला चांगलं ऐकू आलं.

"काय खावं ते शिकवायला तुमच्या शाळेला दुसरी बाई न्हाई भेटली का गं?"