खुनी डॉक्टरच

गेलेल्या बायकोची लोखंडी पेटी परवा उघडली अन् जुन्या कागदाचा वास आला. वरच तिची पिवळी पडलेली रहस्यकथा होती. मी चौथी नापास. भिलाईच्या स्टील प्लांटातून येऊन जेवायला बसलो की ती असली पुस्तकं मोठ्यानं वाचे, अन् शेवटल्या प्रकरणाआधी थांबे. "सांगा, खून कोनं केला?" मी दरवेळी म्हणे, "डॉक्टरनं." दरवेळी चुके, अन् ती पदरात हासे. एका गणपतीत मंडळानं त्या पुस्तकांच्या लेखकालेच भिलाईत बोलावलं. ही भर मांडवात उभी राहिली. "भाऊ, आमच्या यांचा डॉक्टर एकदा तरी खुनी करा ना." लोक हासले. लेखक म्हणाले, "पुढच्या पुस्तकात बघू, वहिनी." पुढचं पुस्तक नागपूरहून आलं, ते हेच. मी म्हटलं, "डॉक्टर." तिनं शेवट वाचून दाखवला अन् म्हणाली, "जिंकले तुमी." आठवडाभर मी शिफ्टमध्ये छाती काढून फिरलो. परवा पेटीपाशीच बसून, अक्षरावर बोट ठेवून, तो शेवट मी स्वतः वाचला. खून वकिलानं केला होता. डॉक्टर बिचारा साक्षीदार. त्या दिवशी पानावर नव्हतं ते ती वाचत गेली, अन् कुठं अडखळली नाही. लेखकाचं चुकलं. खुनी डॉक्टरच होता.