दुमडलेली सतरंजी

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, सकाळी दहा. हजर: जालन्याहून आलेले पाळकसाहेब, पेटी वाजवणारे निवृत्त मास्तर, आयुष्यभर नर्स म्हणून नोकरी केलेल्या मावशी, दोन तरुण जोडपी, त्यांची मुलं, आणि मी, भोकरदनच्या ख्रिस्ती मंडळीची सेक्रेटरी. गैरहजर: वीज.

विषय एकच. इथली उपासना बंद करून सगळ्यांनी जालन्याला जायचं का? पाळकसाहेबांना बरीच गावं सांभाळायची आणि आमची संख्या रोडावलेली. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. बाकीचे आम्ही बसने गेलो असतो. मावशींना मात्र गुडघ्यांमुळे बसची पायरी चढवत नाही. जालना ठरलं की त्यांचा रविवार संपला, हे सगळ्यांना कळत होतं.

आमची जुनी रीत अशी की चर्चमध्ये मोठी सतरंजी अंथरायची आणि ज्याने त्याने आपापल्या घरच्या जागी बसायचं. संभाजीनगरला, पुण्याला गेलेल्यांच्या जागा रिकाम्याच ठेवायच्या. मीही सासूबाईंच्या जागी, खिडकीखाली बसायचे. मास्तर एका टोकाला, मावशी दुसऱ्या टोकाला, मधे नुसतं मैदान. पाळकसाहेब बिचारे त्या मैदानाला उपदेश करत.

त्या दिवशी उपदेश येशूनंतरच्या पहिल्या मंडळीवर होता. त्यांच्याकडे इमारत नव्हती, घंटा नव्हती. राहुट्या शिवणाऱ्या एका नवरा-बायकोच्या घरीसुद्धा लोक जमायचे. एकत्र जेवायचे, विधवांच्या पानाची काळजी घ्यायचे, आणि माणसं वाढत गेली.

मावशी मधेच म्हणाल्या, "मंग आपण इमारतीला काय धरून बसलो? माझ्या घरी या की."

पाळकसाहेबांनी विचारलं, तिथं जागा पुरेल का?

"इथं लई पुरून राह्यली, म्हणून तर बंद करायला निघालात."

पाळकसाहेब हसले आणि त्यांनी ईस्टरपर्यंत मुदत दिली.

मी लगेच कामं वाटली. भाकरी माझ्याकडे, पिठलं मास्तरांच्या घरून, ताटं ज्याची त्याने आणायची. पहिल्याच रविवारी मावशींच्या खोलीत सतरंजी मावेना, म्हणून दुमडून टाकली. झालं, कोणाचीच ठरलेली जागा उरली नाही. मास्तर माझ्या शेजारी आले आणि इतक्या वर्षांनी कळलं की सुरेल पेटी वाजवणारा हा माणूस गातो मात्र भलताच बेसूर. उपासनेनंतर घाईने चपला शोधणारे आम्ही जेवायला थांबलो. बोलता बोलता एका जोडप्याचं बाळ सारखं आजारी असतं हे समजलं. मावशींनी त्याला तिथंच मांडीवर घेऊन तपासलं. पुढच्या रविवारी बाळाच्या आईने आपल्या बहिणीचं कुटुंब आणलं. लग्नानंतर त्या बहिणीचं येणं सुटलं होतं. शेजारची बाई ठेचा द्यायला आली आणि गाणं संपेपर्यंत दारातच टेकली.

ईस्टरनंतर पाळकसाहेब आले तेव्हा ते उंबऱ्यापाशी अडले. आत पाय ठेवायला जागा नव्हती.

"बसा तिथंच," मावशी म्हणाल्या, "न्हाईतर जालन्याला जाता का?"

बंद करण्याचा विषय तिथंच मिटला. जेवताना मास्तरांनी सुचवलं की सतरंजी मधून कापू, अर्धी इथं आणि अर्धी राजूरला, तिथंही अशीच उपासना सुरू करू. राजूरला आमच्या मंडळीतलं एक घर आहे, पण त्यांचं येणं केव्हाच थांबलंय. मावशींनी एकच अट घातली: आधी त्या घरी जाऊन या, बसा, जेवा, मंग कापा.

कात्रीला धार लावून आणली आहे. सतरंजी अजून अखंडच आहे, कारण राजूरला जायचं राहिलंय.