विहीणबाईंचा फ्रीझर

विहीणबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच नावाने बोटं मोडत होते. गॅरेजमधला फ्रीझर त्यांनी इतका ठासून भरला होता की मला हवं असलेलं ओल्या खोबऱ्याचं पाकीट काही केल्या निघेना. फोनवर माझी मुलगी मनीषा एवढंच म्हणाली, "आई, मम्मी गेल्या." मी झाकण लावलं. खोबरं राहिलं.

शकुंतलाबाई म्हणजे माझ्या जावयाच्या आई. त्या सांगलीच्या, मी कराडची. त्या मॅट्रिक झालेल्या, मी चौथीत शाळा सोडलेली. मेलबर्नच्या क्रेगीबर्नमध्ये आम्ही दोघी विहिणी एकाच घरात राहायचो, यावर गावाकडे कुणाचा विश्वास बसायचा नाही. आमचं वाजायचं ते एकाच गोष्टीवरून, गोठवलेल्या जेवणावरून. मला त्याची किळस होती, अजून आहे. मनीषा हॉस्पिटलात शिफ्ट करते, जावई प्रसादराव ऑफिसातून दमून येतात, म्हणून विहीणबाईंनी कुठूनसं ते किचन शोधून काढलं. कारखान्यांच्या भागातली एक शेड. आत लांब टेबलं, त्यावर सोललेला लसूण, चिरलेला कांदा, पाण्यात बुडवलेले बटाट्याचे तुकडे, सगळं तयार. आपण पैसे भरायचे, डोक्याला जाळी आणि हाताला मोजे घालायचे, टेबलाटेबलाने फिरत पिशव्या भरायच्या, घरी नेऊन गोठवायच्या आणि लागतील तशा शिजवायच्या. वाटण एकच, नारिंगी. त्यात पनीर टाकलं की एक नाव, राजमा टाकला की दुसरं. त्या लसणाला लसणाचा वास नव्हता, ओल्या मोज्यांचा होता. आणि विहीणबाई मात्र लग्नघरात शिरल्यासारख्या बाह्या वर करून शिरायच्या.

पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "अहो विहीणबाई, हे असलं शिळं घालणार लेकाला?"

"शिळं कसं? शिजलंय कुठे? शिजल्याशिवाय शिळं होत नाही. ही नुसती जुळवणी आहे."

"मग मढं गोठवलं की तेही ताजंच म्हणायचं."

त्या इतक्या मोठ्याने हसल्या की किचनची मालकीण धावत आली. "क्या हुआ आंटी?" विहीणबाई म्हणाल्या, "काही नाही गं, एक जाळी हिच्या तोंडाला पण दे."

मी पुन्हा त्या शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. त्या मात्र जातच राहिल्या. हृदय कमजोर झालंय, जड उचलू नका, असं डॉक्टरने सांगितल्यावर तर जास्तच. फ्रीझर भरला, तरी भरत राहिल्या.

मग त्या गेल्या. इथला अंत्यविधी मला मुळीच आवडला नाही. पडद्यावर फोटो, मागे गाणं आणि नंतर त्रिकोणी सँडविच. कुणीतरी माझा हात धरून म्हणालं, हा दुःखाचा नाही, आयुष्याच्या सेलिब्रेशनचा दिवस आहे. मी हात सोडवून घेतला. अस्थी एका खोक्यात मिळाल्या. त्या गावी न्यायला प्रसादरावांना रजा मिळेपर्यंत ते खोकं टीव्हीखालच्या कप्प्यात. घरात पिझ्झाच्या डब्यांची चळत लागली आणि गॅरेजमधल्या पिशव्यांना कुणी हात लावीना. मनीषाने एकदा विचारलं तर प्रसादराव म्हणाले, "सुतक आहे. शिजवलेलं अन्न टाकून देतात ना? बिनच्या दिवशी, कचऱ्याची गाडी आली की, टाकतो सगळं." ज्या माणसाने जन्मात सुतक पाळलं नाही, त्याला सुतक आठवलं. बिनचा दिवस आला आणि गेला. टाकलंही नाही, खाल्लंही नाही. मी कपडे वाळत घालायला गॅरेजमध्ये गेले की प्रसादराव आपले फ्रीझरपुढे उभे.

एकदा मी सरळच म्हटलं, "टाकायचं तर टाका, नाहीतर खा. मध्येच काय?"

"आई, ते संपलं की..."

"प्रसादराव, त्या पिशव्या आहेत. अस्थी तिकडे टीव्हीखाली आहेत."

मनीषाने डोळे वटारले. मी थांबले नाही. "आणि सुतक शिजवलेल्याला. हे शिजलंय कुठे? तुमच्या आईनेच मला ऐकवलंय, ही नुसती जुळवणी आहे."

ते हसले की रडले ते मला कळलं नाही, मी पिशवी काढायला वळले होते. बटाटा-फ्लॉवर निघालं. शिजवलं तर बटाटे स्पंजासारखे झालेले, फ्लॉवरला पाणी सुटलेलं. प्रसादरावांनी ताट पुसून खाल्लं. मग म्हणाले, "तुम्ही नाही घेत?"

"मला किळस येते."

"मम्मीला पण यायची. घरी आली की साबणाने दोन-दोनदा हात धुवायची. यातलं तिने कधी तोंडात नाही घातलं."

मी आठवून पाहिलं. खरंच की. बाई रोज माझ्या हातची भाकरी आणि पिठलं खायची, वर त्याला नावं ठेवायची.

"मग कशाला मरायला भरत होत्या?"

"म्हणायची, आम्ही दोघी म्हाताऱ्या तुम्हाला कुठवर पुरणार."

मला राग आला. अजून येतो. किळस वाटते तर तसं सांगायचं, दोघींनी मिळून शिव्या दिल्या असत्या त्या नारिंगी वाटणाला. एवढी साधी गोष्ट बाईने माझ्यापासून लपवली आणि वर तोंडाला जाळी लावायला निघाली.

पिशव्या संपल्या. प्रसादरावांनीच संपवल्या, एकही वाया घालवली नाही. आता रिकामा फ्रीझर गॅरेजमध्ये घुरघुरत असतो. बंद करा म्हटलं की ते दुसराच विषय काढतात. परवा ते ऑफिसला गेल्यावर मीच बटण बंद करायला गेले. हात लावला... आणि तशीच परत आले. मेथीची जुडी निवडली, धुतली, चिरली, पिशवीत भरली आणि नेऊन त्या फ्रीझरमध्ये ठेवली. मोजे घातले नाहीत. किळस आली ती आलीच.